चुकीची कबुली

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटीं, क्वचित् आरंभींही, एक लहानसें पान असे. ‘शुद्धिपत्र’ असा मथळा आणि त्याखालीं पृष्ठ, ओळ, अशुद्ध व शुद्ध असे चार रकाने, एवढेंच त्या पानावर असावयाचें. हल्लींच्या पुस्तकांत हें पान फारसें आढळत नाहीं. मुद्रणकला सुधारली म्हणून तें गेलें असें कोणी म्हणेल. पण नवीं पुस्तकें हाताळणाऱ्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, चुका होत्या तशाच आहेत, गेलें आहे तें पान. आम्हांस ह्या पानाविषयीं विद्यार्थिदशेपासून एक प्रकारचा आदर वाटत आला आहे. ग्रंथकर्ता विद्वान्, छापखाना नामांकित, तरीही दोघांनीं मिळून वाचकापुढें यावें आणि आमच्या हातून अमुक ठिकाणीं चुकलें आहे, तेवढें सुधारून मग वाचावें, असें सांगावें, ही गोष्ट दिसावयास लहान खरी. परंतु व्यवसायांतील सचोटीचा विचार करूं लागलों म्हणजे आमचें मन वारंवार त्या पानाकडे वळतें.

व्यवसायाची सचोटी म्हटली कीं सामान्यतः लांच न घेणें, वजनांत खोट न ठेवणें, दिलेला शब्द पाळणें, ह्या गोष्टी डोळ्यांपुढें येतात. त्या आवश्यक आहेत हें निर्विवाद. पण त्या बाबतींत योग्य काय हें कळण्यास मनुष्याला अडचण पडत नाहीं. मोह आवरणें एवढेंच काय तें अवघड. ह्याहून निराळा असा एक प्रसंग प्रत्येक धंद्यांत येतो. लबाडी केलेली नसते, हेतु वाईट नसतो, काम मनापासून केलेलें असतें. आणि तरीही तें चुकलेलें असतें. शिवाय तें चुकलें आहे हें त्या घटकेस करणाराखेरीज दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतें. अशा वेळीं त्यानें काय करावें? आणि तो जें करील त्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची, कीं ज्या संस्थेंत तो काम करतो तिचीही? निरनिराळ्या पेशांतील लोकांनीं अशा प्रसंगीं काय केलें तें पाहून ह्या प्रश्नाचा विचार करावा, असा आमचा उद्देश आहे.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपणां सर्वांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली आहे. घरच्या अडचणी चारचौघांत बोलूं नयेत, एवढ्यापुरती ती शहाणपणाचीच आहे. ज्याची मूठ त्याचाच ऐवज. ती झाकावी कीं उघडावी हें त्यानें ठरवावें. परंतु धंद्यांत पडलेला मनुष्य जी मूठ झाकतो तींत दुसऱ्याचा ऐवज असतो. डॉक्टराच्या मुठींत रोग्याचा जीव, इंजिनियराच्या मुठींत इमारतींत वावरणाऱ्यांचा, पेढीवाल्याच्या मुठींत ठेवीदाराची पुंजी आणि शिक्षकाच्या मुठींत विद्यार्थ्याचें एक वर्ष. घरगुती अब्रू राखण्यासाठीं निघालेली ही म्हण आपण कळत न कळत कचेरींत आणि कारखान्यांत घेऊन गेलों, ही आमच्या मतें एक मोठी गफलत झाली आहे.

प्रथम वैद्यकाचें उदाहरण घेऊं. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस नांवाचे एक तरुण हंगेरियन डॉक्टर प्रसूतिविभागांत काम करीत होते. तेथें दोन कक्ष होते. एकांत डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी बाळंतपणें करीत, दुसऱ्यांत सुइणी. पहिल्या कक्षांत सूतिकाज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण दुसऱ्याच्या मानानें पुष्कळच अधिक असे. इतकें कीं, पहिल्यांत घालूं नका म्हणून स्त्रिया गयावया करीत. त्याच वर्षीं सेमेलवाइस यांचे एक सहकारी शवच्छेदनाच्या वेळीं सुरीची जखम होऊन वारले, आणि त्यांच्या शरीरांत जीं चिन्हें आढळलीं तीं त्या बाळंतिणींच्या चिन्हांसारखींच होतीं. त्यावरून सेमेलवाइस यांनीं अनुमान काढलें कीं, शवागारांतून थेट प्रसूतिकक्षांत येणाऱ्या डॉक्टरांचे हातच हें विष वाहून नेत आहेत. त्यांनीं प्रत्येकास क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावलें. १८४६ सालीं त्या कक्षांतील शेंकडा ११ हून अधिक स्त्रिया मरण पावल्या होत्या. १८४८ सालीं तें प्रमाण शेंकडा दीडाच्याही खालीं आलें.

इतकें ढळढळीत फळ समोर असतांही समव्यवसायी डॉक्टरांपैकीं पुष्कळांनीं तें मानलें नाहीं. ह्याचीं कारणें अनेक होतीं. रोगजंतूंचें शास्त्र तेव्हां उदयास यावयाचें होतें, आणि सेमेलवाइस यांनीं आपली उपपत्ति सविस्तर छापली ती फार उशिरां, १८६१ सालीं. तथापि एक कारण असेंही होतें कीं, तें मान्य करणें म्हणजे आजवर आपल्याच हातांनीं कित्येक स्त्रियांस मृत्यु आला हें मान्य करणें होतें. सेमेलवाइस यांनीं स्वतःपुरतें तें केलें. आपण स्वतः शवच्छेदनें पुष्कळ केलीं, त्यापायीं किती स्त्रिया अकालीं गेल्या हें ईश्वरासच ठाऊक, अशा आशयाची कबुली त्यांच्या ग्रंथांत आहे. हात धुण्यास कोणाची हरकत नसती. हात मळलेले होते हें म्हणावयास मात्र फारच थोडे लोक तयार होते.

दुसरें उदाहरण स्थापत्याचें. न्यूयॉर्क शहरांत १९७७ सालीं सिटिकॉर्प नांवाच्या बँकेची ५९ मजल्यांची इमारत उभी राहिली. तिचे पोलादी सांगाड्याचे इंजिनियर विल्यम ल मेझरर हे आपल्या शास्त्रांत नांवाजलेले गृहस्थ होते. इमारत पुरी होऊन लोक तींत कामास येऊं लागल्यावर, १९७८ सालीं, एका विद्यार्थ्याकडून आलेल्या पृच्छेच्या निमित्तानें त्यांनीं आपलें गणित पुन्हां करून पाहिलें. तेव्हां त्यांस दिसून आलें कीं, कोपऱ्यावर तिरपा येणारा वारा सांगाड्यावर अपेक्षेपेक्षां अधिक ताण आणतो. आणि जे सांधे वितळजोडाचे असावयाचे ते खर्च वांचविण्यासाठीं बोल्टांचे केले गेले आहेत. त्यांच्या हिशेबाप्रमाणें मोठें वादळ आल्यास इमारत कोसळण्याचा संभव होता. ही गोष्ट त्या वेळीं त्यांच्याखेरीज कोणास माहीत नव्हती. गप्प बसण्याचा आणि आत्मनाशाचाही विचार आपल्या मनांत येऊन गेला, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. शेवटीं त्यांनीं इमारतीच्या मालकांस आणि शहराच्या अधिकाऱ्यांस सर्व हकीकत कळविली. रात्रींच्या रात्रीं कारागीर लावून सांध्यांवर पोलादी पत्रे जोडण्यांत आले, आणि त्याच वर्षाच्या शरद् ऋतूंत काम पुरें झालें. ल मेझरर यांची बुडावयाची वाटणारी प्रतिष्ठा उलट वाढली.

ह्या गोष्टीचें पुष्कळ ठिकाणीं कौतुक झालें आहे, आणि तें योग्यही आहे. परंतु तिला दुसरी एक बाजू आहे. ज्या लोकांचे जीव त्या इमारतींत आणि तिच्या आसपास टांगलेले होते, त्यांस ह्यांतील कांहींएक सांगण्यांत आलें नाहीं. सामान्य जनतेस ती हकीकत कळली १९९५ सालीं, सतरा वर्षांनंतर. म्हणजे कबुली झाली ती मालकांपाशीं; ज्यांचें खरोखर नुकसान व्हावयाचें त्यांच्यापाशीं झाली नाहीं. लोकांत घबराट होईल हा त्यावरचा बचाव आहे, व तो अगदींच पोकळ नाहीं. तरी आमच्या मतें ही अर्धी कबुली होय. ज्याचा ऐवज त्याच्यापुढें मूठ उघडली नाहीं तर ती उघडली असें पूर्णार्थानें म्हणतां येत नाहीं.

आतां हीं दोन्ही उदाहरणें एकेकट्या व्यक्तींचीं झालीं. अशा व्यक्ति थोर असतात; पण थोर व्यक्ति सांपडतील ह्या भरंवशावर जगाचे व्यवहार चालवितां येत नाहींत. हें ज्या धंद्यास फार महाग किंमत देऊन कळलें तो विमानांचा. १ डिसेंबर १९७४ रोजीं वॉशिंग्टनकडे उतरण्यास निघालेलें एक प्रवासी विमान व्हर्जिनियांतील एका डोंगरावर आदळलें आणि त्यांतील ९२ माणसें मरण पावलीं. उतरण्याच्या आज्ञेचा अर्थ वैमानिकांनीं एक घेतला, आणि जमिनीवरील अधिकाऱ्यांच्या मनांत दुसरा होता. चौकशींत असें निघालें कीं, ह्याच्या सुमारें सहा आठवडे अगोदर दुसऱ्या एका कंपनीचें विमान त्याच ठिकाणीं, त्याच गैरसमजानें, थोडक्यांत वांचलें होतें. त्या कंपनीनें आपल्या वैमानिकांस सावध केलें. इतर कंपन्यांच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोंचली नाहीं. एका मनुष्याची चूक सांगितली गेली होती, परंतु ती ऐकण्यास सर्वांसाठीं म्हणून कोणी नव्हतें.

ह्यावर अमेरिकेंत १९७६ सालीं एक योजना निघाली. वैमानिकानें किंवा विमानतळावरील नियंत्रकानें आपल्या हातून झालेली चूक लिहून कळवावयाची. ती कळवावयाची दंड करणाऱ्या खात्याकडे नव्हे, तर अंतराळसंशोधन करणाऱ्या नासा ह्या निराळ्या संस्थेकडे. तेथें लिहिणाऱ्याचें नांव काढून टाकून उरलेली हकीकत सर्वांच्या उपयोगासाठीं ठेवावयाची. आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात नसेल, व दहा दिवसांच्या आंत कळविली असेल, तर त्या मनुष्यास दंड माफ. ही योजना अद्याप चालू आहे. वरवर पाहणारास ती गुन्हेगारास अभय देणारी वाटेल. वस्तुतः तिच्यांत मनुष्यस्वभावाची फार नेमकी पारख आहे. जो दंड करणार त्याच्याच हातीं कोणी आपण होऊन दोरी देत नाहीं, हें ओळखून ऐकणारा आणि दंड करणारा असे दोघे वेगळे केले आहेत.

कारखान्यांतील उदाहरण जपानचें आहे. साकिची टोयोडा ह्या गृहस्थांनीं १९२४ सालीं एक स्वयंचलित माग सिद्ध केला. त्याचा विशेष असा कीं, सूत तुटलें कीं माग आपोआप थांबे. सदोष कापड वारेंच्या वारें विणलें जात नसे. त्यांच्या वंशजांनीं पुढें मोटारींचा कारखाना काढला, त्यांत हेंच तत्त्व माणसांस लागू करण्यांत आलें. जोडणीच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या कोणाही कामगारास कांहीं चुकलेलें दिसलें तर त्यानें डोक्यावरची दोरी ओढावयाची. दोरी ओढली कीं मुकादम येतो, दोघे मिळून पाहतात, आणि वेळेंत दुरुस्त झालें नाहीं तर सबंध पट्टा थांबतो. ह्या रीतीची खरी परीक्षा झाली ती कॅलिफोर्नियांतील फ्रीमॉंट येथें. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना बेशिस्त व निकृष्ट कामासाठीं कुप्रसिद्ध होता. तेथें पट्टा थांबविणें हाच मोठा अपराध समजला जाई, आणि म्हणून अर्धवट जोडलेल्या गाड्या तशाच पुढें ढकलल्या जात. १९८२ सालीं तो बंद पडला. १९८४ सालीं टोयोटा कंपनीशीं भागी करून तोच कारखाना पुन्हां उघडला, आणि बहुतेक कामगारही जुनेच घेतले. फरक एवढाच कीं, आतां त्यांच्या हातीं दोरी होती आणि ती ओढल्याबद्दल शिक्षा नव्हती. थोडक्याच काळांत तेथील गाड्या उत्तम म्हणून गणल्या जाऊं लागल्या. माणसें तींच, मग पूर्वींचा दोष त्यांच्या स्वभावाचा होता असें आपण कोणत्या तोंडानें म्हणणार?

ह्याच्या उलट दोन उदाहरणें सांगून हा भाग संपवूं. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर हें अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि त्यांतील सातही जण मरण पावले. आदल्या रात्रीं त्याच्या अग्निबाणांच्या कारखान्यांतील इंजिनियरांनीं दूरध्वनीवरून स्पष्ट सांगितलें होतें कीं, इतक्या थंडींत सांध्यांतील रबरी कडीं नीट बसणार नाहींत, उड्डाण करूं नये. त्यांच्यापैकीं एक, रॉजर बॉइजली, ह्यांनीं तर अगोदरच्या वर्षीं लेखी इशाराही दिला होता. वरिष्ठांनीं प्रथम त्यांचें ऐकलें, मग अंतराळसंस्थेची नाराजी दिसतांच मत फिरविलें. अपघातानंतर बॉइजली यांनीं चौकशी-मंडळापुढें खरें तें सांगितलें, तेव्हां सहकाऱ्यांनीं त्यांच्याकडे पाठ फिरविली. दुसरें उदाहरण वेल्स फार्गो ह्या अमेरिकन बँकेचें. प्रत्येक ग्राहकाच्या नांवें जितकीं अधिक खातीं उघडवितां येतील तितकीं उघडवावीं असा तेथें तगादा असे. परिणामीं नोकरांनीं ग्राहकांस न विचारतां खातीं उघडलीं. २०१६ सालीं बाहेर आलेल्या आंकड्याप्रमाणें तीं सुमारें वीस लक्ष असावींत. बँकेस साडे अठरा कोटी डॉलर दंड झाला. बँकेनें कांहीं वर्षांत ह्या कारणासाठीं सुमारें ५,३०० नोकर काढले होते. बहुतेक सर्व खालच्या पायरीवरचे. आंकडा गांठण्याचा हुकूम वरून आला आणि चुकीचें ओझें खालीं उतरलें.

ह्या सर्वांवरून आम्हांस जो निष्कर्ष दिसतो तो असा. एखादी संस्था किती नीतिमान् आहे हें तिच्या दारावरील ब्रीदवाक्यावरून किंवा वार्षिक अहवालावरून कळत नाहीं. आपण होऊन चूक सांगणाऱ्या मनुष्याचें तेथें काय होतें, एवढी एकच गोष्ट पाहावी. त्यास दोरी ओढणारा कामगार समजतात, कीं पट्टा थांबविणारा अपराधी समजतात, ह्यावर सर्व कांहीं आहे. कारण चुका दोन्हीकडे सारख्याच होतात. एकीकडे त्या लहान असतांना दिसतात, दुसरीकडे मोठ्या झाल्यावर.

आपल्याकडील जुन्या हिशेबनिसांस हें तत्त्व आपल्या परीनें अवगत होतें. रोजकीर्दींत खोडाखोड करूं नये, चाकूनें खरडून आंकडा काढूं नये, असा कडक दंडक असे. चुकलेल्या आंकड्यावर एक रेघ ओढून, तो वाचतां येईल असा ठेवून, बरोबर आंकडा वर लिहावयाचा आणि बाजूस सही करावयाची. चूक मागाहून सांपडली तर उलट नोंद घालून ती फेडावयाची. चूक होणें हा त्या वहींत कलंक नव्हता. ती पुसून टाकणें हा होता. विशेष असें कीं, हल्लींच्या संगणकावरील हिशेबांसही आपल्या सरकारनें हाच दंडक घातला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रणालींत कोणती नोंद केव्हां व कशी बदलली ह्याचा माग राहिलाच पाहिजे, आणि तो बंद करतां येतां कामा नये, असा नियम आहे.

परंतु एथेंच आजच्या काळाचा एक पेंच उत्पन्न होतो. यंत्र आतां प्रत्येकाची प्रत्येक चूक टिपून ठेवूं शकतें. घरीं बसून काम करण्याची रीत २०२० च्या साथीपासून रूढ झाली, तेव्हांपासून मनुष्य किती वेळ टंकलेखन करीत होता आणि किती वेळ स्वस्थ होता हेंही कांहीं ठिकाणीं मोजलें जातें. दुसरीकडे कायम नोकरीच्या जागीं मुदतीची कंत्राटी नोकरी येत आहे. ज्याचा करार पुढील महिन्यांत संपावयाचा आहे, त्यानें आपण होऊन ‘माझें चुकलें’ म्हणावें अशी अपेक्षा करणें म्हणजे त्यानें आपल्या हातानें आपली भाकरी दूर लोटावी असें म्हणणें आहे. चूक पकडण्याचीं साधनें वाढलीं, आणि ती सांगण्याचें धैर्य ज्यावर उभें राहावयाचें ती सुरक्षितता कमी झाली. पकडलेली चूक आणि सांगितलेली चूक ह्यांत महदंतर आहे. पकडलेल्या चुकीपासून मनुष्य पुढच्या वेळीं सांपडूं नये एवढेंच शिकतो. सांगितलेली चूक सर्वांच्या उपयोगीं पडते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब नांवाच्या एका संगणक-संस्थेंतील कर्मचाऱ्यानें रात्रीं उशिरां काम करीत असतां चुकून भलत्याच यंत्रावरील माहिती पुसून टाकली. संस्थेनें ती गोष्ट झांकली नाहीं; दुरुस्तीचें काम चालू असतांच सर्व हकीकत जगजाहीर केली. तेव्हां असें निघालें कीं, अशा प्रसंगासाठीं ठेवलेल्या नकलांच्या बहुतेक योजना मुळांत चालतच नव्हत्या. त्या एका माणसावर खापर फोडून प्रकरण मिटविलें असतें तर हा मोठा दोष तसाच राहता.

ह्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, चुकीस माफी दिली तर हलगर्जीपणा माजेल. ह्याचें उत्तर चूक, हलगर्जी आणि लबाडी ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत हें लक्षांत ठेवण्यांत आहे. काळजी घेऊनही जें चुकतें ती चूक. काळजी घ्यावयाची माहीत असून जो घेत नाहीं त्याची ती हलगर्जी. आणि ठाऊक असून जो करतो किंवा लपवितो त्याची ती लबाडी. विमानांच्या योजनेंतही जाणूनबुजून केलेल्या कृत्यास माफी नाहीं. माफी मिळते ती कृत्यास नव्हे, सांगण्यास. आणि सांगण्याचा मार्ग मोकळा असतांही जो लपवितो त्याची शिक्षा उलट अधिक कडक व्हावी, असेंच आम्ही म्हणूं. अनुभवही भीतीच्या बाजूचा नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयानें २००१ सालापासून, आपल्याकडून चूक झाली तर ती रोग्यास आपण होऊन सांगावयाची, क्षमा मागावयाची व भरपाई द्यावयाची, असा क्रम ठेवला. वकिलांच्या नेहमींच्या सल्ल्याच्या हें अगदीं उलट होतें. पण त्यामुळें खटले वाढले नाहींत, कमी झाले.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कबुली निर्धोक केली तर तिचें नैतिक मोल तें काय राहिलें? ज्यांत कांहीं गमवावें लागत नाहीं तें सत्यवचन कसलें? आम्ही पुष्कळ वर्षें नीतिशास्त्र शिकवीत आलों असल्यामुळें ह्या युक्तिवादाचें आकर्षण आम्हांस ठाऊक आहे. परंतु तो सांगणाऱ्याच्या बाजूनेंच सर्व विचार करतो. चुकलेलें औषध ज्याच्या पोटांत गेलें आहे त्या रोग्यास परिचारिकेच्या धैर्याचें सौंदर्य पाहावयाचें नसतें. त्यास उतारा पाहिजे असतो, आणि तो घटकाभर आधीं पाहिजे असतो. जी संस्था रोजच्या साध्या सत्यासाठीं माणसांकडून शौर्याची अपेक्षा करते ती स्वतःच अनीतिमान् होय. शिवाय कितीही चांगली व्यवस्था केली तरी कबुलीची सगळी किंमत ती भरून काढूं शकत नाहीं. स्वतःच्या नजरेंत थोडें उतरावें लागतें, तें ज्याचें त्यालाच भोगावें लागतें. तेवढें नीतिमत्त्वास पुरेसें आहे.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या चुकांविषयीं लिहिलें. ह्या विषयावर असें लिहून थांबणें आम्हांस शोभणार नाहीं, म्हणून आमची एक हकीकत सांगतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही प्राध्यापकीच्या धंद्यांत नवखे होतों. नेमणूक तात्पुरती होती, ती कायम व्हावयाची होती. त्या वर्षीं एका विद्यापीठाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा आमच्याकडे तपासण्यास आला होता. तपासतांना प्रत्येक प्रश्नाचे गुण एका वहींत पेन्सिलीनें टिपून ठेवण्याची आमची संवय होती. गठ्ठा आणि गुणपत्रक रवाना केल्यावर चारपांच दिवसांनीं ती वही सहज चाळतांना एका बैठक क्रमांकापाशीं आमची नजर थांबली. त्या विद्यार्थ्यानें एक प्रश्न पुरवणींत सोडविला होता, त्याचे आम्हीं ८ गुण दिले होते, आणि मुखपृष्ठावर बेरीज करतांना ते धरावयाचे राहून गेले होते. बेरीज ३७ व्हावयाची ती २९ झाली होती. उत्तीर्ण होण्यास ३५ लागत.

निकाल लागावयास अजून अवकाश होता. एक पत्र लिहिलें असतें तर काम झालें असतें. तें आम्हीं लिहिलें नाहीं. बेरजेंत चूक आढळल्यास परीक्षकाच्या मानधनांतून कपात होई, आणि त्याचें नांव परीक्षकांच्या यादींतून जाई, असें आम्हीं ऐकलें होतें. आणि ही गोष्ट कॉलेजांत कळली तर नेमणुकीचें काय होईल ही धास्ती होती. मनाची समजूत घालण्यास आम्हांस फार श्रम पडले नाहींत. वरचे परीक्षक पुन्हां पाहतीलच, त्यांच्या नजरेस येईल. न आलें तर विद्यार्थी फेरपडताळणीचा अर्ज करील. त्याचे इतर विषयही गेले असतील. ह्यांपैकीं कोणती गोष्ट घडली, किंवा एकही घडली नाहीं, हें आम्हांस आजपर्यंत कळलेलें नाहीं. तो मुलगा होता कीं मुलगी हेंही आम्हांस माहीत नाहीं. आम्हांस माहीत आहे तो एक बैठक क्रमांक.

व्यवस्था वाईट होती हें खरें आहे. चूक सांगणाऱ्यास आणि चूक लपवून पकडल्या जाणाऱ्यास ती एकाच मापानें मोजीत होती, आणि तसें करून ती लपविण्यास उत्तेजन देत होती. वर जें आम्हीं संस्थांच्या कर्तव्याविषयीं लिहिलें तें ह्या अनुभवानेंच आमच्या मनावर ठसलें आहे. परंतु व्यवस्थेच्या माथीं सर्व दोष टाकूं लागलों कीं आम्हांस त्या वेळीं टेबलावर पडलेलें कोरें पाकीट आठवतें. सेमेलवाइस यांच्या पाठीशीं कोणती व्यवस्था होती? म्हणून ज्या प्रश्नानें आम्हीं आरंभ केला त्याचें आमचें उत्तर असें आहे : कबुली निर्धोक करणें हें संस्थेचें कर्तव्य आहे, आणि तें प्रथम येतें, कारण सत्ता तिच्या हातीं असते, परंतु संस्थेनें आपलें कर्तव्य केलें नाहीं एवढ्यानें आपलें कर्तव्य संपत नाहीं. तें फक्त महाग होतें.

आमचे विद्यार्थी नोकरीस लागतांना सल्ला विचारण्यास येतात. पगार किती, बढती केव्हां, हें त्यांनीं चौकशी करून ठेवलेलेंच असतें. त्यांस आम्ही आणखी एक गोष्ट विचारून घ्यावयास सांगतों : ह्यापूर्वीं ज्यानें आपली चूक आपण होऊन सांगितली तो मनुष्य आतां कोठें आहे? तो तेथेंच, आपल्या जागेवर, काम करीत असेल तर तेथें खुशाल जावें. घरांतील वडील मंडळींनींही हा प्रश्न आपल्या घरापुरता एकदां विचारून पाहावा. कारण फुटलेल्या कपबशीबद्दल खरें सांगून ज्या मुलानें मार खाल्ला, तो पुढें कचेरींत दोरी ओढील अशी आशा आपण कशाच्या जोरावर करणार?

आम्ही स्वतः आतां उत्तरपत्रिकेची बेरीज दोनदां करतों, दुसऱ्यांदा खालून वर. घरच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका वर्गांत परत देतांना बेरीज तपासून घ्या म्हणून सांगतों, आणि आमची चूक निघाली तर ती फळ्यावर लिहितों. पहिल्या प्रथम मुलें हंसतात. मागाहून आपल्या चुकाही आम्हांस येऊन सांगूं लागतात, असा आमचा अनुभव आहे. ती जुनी वही आम्हीं टाकून दिलेली नाहीं. त्या क्रमांकापुढें ३७ हा आंकडा आमच्याच हातचा, पेन्सिलीचा, अजून वाचतां येतो.